चार नंबरचा तळ

डब्याचं झाकण फिरवून काढलं आणि वास आला नाही.

तिनं झाकण लावलं, पुन्हा काढलं. नाक डब्याच्या तोंडाशी नेलं. ओल्या मडक्यासारखं गार काहीतरी होतं, पण तो नव्हता. तो म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला तो तिला भेटत आला होता. किनाऱ्याजवळ, आडोशाच्या पाण्यात मासे पाळायचे गोल पिंजरे तरंगतात. एकेका पिंजऱ्यात हजारो मासे. वरून खाद्य टाकायचं. मासे खातील तेवढं खातात, उरलेलं आणि खाऊन टाकलेलं असं दोन्ही तळाला जाऊन बसतं, कुजतं, आणि तळाचा जीव गुदमरतो. पाणबुडे तो गाळ खरवडून डब्यांत भरून आणत आणि ती तो चाळणीवर धुऊन त्यात काय जिवंत उरलंय ते मोजत असे. बहुतेकदा केसासारखे तांबडे किडे तेवढे उरलेले असत, ते कशातही जगतात. बाकी सगळं काळं लोणी. हे तिचं काम. प्रयोगशाळेत तिला पाठीमागे चाळणवाली म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. वास बोटांत मुरला होता, केसांत होता, घड्याळाच्या पट्ट्यात होता. बसमध्ये शेजारचा माणूस जरा अंग चोरून बसला की ती खिडकीबाहेर बघायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा म्हणाला होता, तू कामावरून येतेस की गटारातून? पुढे तो सोडून गेला त्याला वेगळी कारणं होती, पण ते वाक्य मात्र तो घरातच ठेवून गेला. आणि आज डबा उघडा होता, आत गाळ होता, आणि वास नव्हता.

आपलं नाक गेलं, हे तिच्या मनात आलं. आणि आईचंही आधी नाक गेलं होतं. दूध करपलं, भांडं काळं झालं, घरभर धूर झाला, आणि आई शेजारी शांतपणे उभी, उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवून. तेव्हा सगळे हसले होते. मग नावं गेली, मग वार गेले, मग एक दिवस आईनं हिलाच, आपल्या मुलीला, विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? मुलीला आता सत्तेचाळीसावं चालू होतं. आईला किती होतं तेव्हा? आकडा आठवेना, आणि आकडा आठवत नाही म्हणून ती आणखीनच घाबरली. टेबलावरची फिनेलची बाटली तिनं उघडली. वास आला. पण फिनेल काय, मेलेल्यालाही येईल. तिनं हातमोजे काढले आणि कुणाला काही न सांगता जिना उतरून रस्त्यावर आली.

रस्त्यावर ती नाक घेऊन हिंडली, दुसरा शब्द नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दारात उभी राहिली. आला: पावाचा, आणि त्याच्या मागे किंचित जळक्या पिठाचा. सायकलच्या दुकानात रबराचा आणि ग्रीसचा. औषधाच्या दुकानात तो पांढरा, स्वच्छ, काळजीचा वास. चांभारापाशी पॉलिशचा. मग तिला चटकच लागली. एका बाईनं खिडकीत पिळून टाकलेल्या चादरीचा आला, पेपरच्या गठ्ठ्याला शाईचा आला, सिग्नलला थांबलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा आला, आणि तो म्हातारा मान वळवून म्हणाला, "काय हो बाई, ओळख आहे का?" ती म्हणाली, "नाही, नाही, वास घेत होते." म्हातारा जागीच थिजला आणि ती हसत सुटली. भर रस्त्यात, एकटी. नाक शाबूत होतं. म्हणजे आई तिच्यात अजून आलेली नव्हती. आणि मग, फूटपाथच्या कडेवर एक पाय वर आणि एक खाली असताना, दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. नाक शाबूत, तर गाळ. डब्यातल्या गाळालाच वास नाही. डब्यावर आकडा होता चार. चार नंबरची जागा.

ती परत गेली ती दोन दोन पायऱ्या चढत. चाळणीवर गाळ ओतून पाण्याची बारीक धार सोडली. काळा नव्हता तो. तपकिरी होता, चहाच्या चोथ्यासारखा, बोटांतून सुटा सुटा होत होता. खाली उरले नखाएवढे शिंपले, मिटलेले, म्हणजे जिवंत. एक पारदर्शक कोळंबीसारखं काहीतरी, जे उडी मारून तिच्या मनगटावर आलं. तुटकी, काटेरी, वळवळणारी एक भुजा, कुठल्याशा तारामाशाची. आणि एक दोरा. पांढरट, चिवट, दोन गाठींचा, आणि एका गाठीतून वर आलेलं भाताच्या दाण्याएवढं हिरवं टोक. तिनं भिंग ओढलं. शेवाळ नव्हे. गवत. समुद्राच्या तळाशी गवत असतं, खरंखुरं, मुळं धरणारं, पाण्याखाली फुलणारं, हे तिनं शिकताना वाचलं होतं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं होतं. तिला नाचावंसं वाटलं. जुना, ओळखीचा आवाज आतून आला, आईचा, आठवण शाबूत होती तेव्हाचा: हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. लहानपणी तिला कशाचंही भरतं यायचं. नवी वही, पतंग, दात पडला तरी. जास्त नाचू नकोस, आज हसशील उद्या रडशील, असं म्हणत आईनं तिला मोठी केली, आणि घरात तिचं नाव पडलं मेंढी. पुढे ती अशी शिकली की आनंद झाला की ओठ दाबायचे आणि हातातलं काम चालू ठेवायचं. तिनं ओठ दाबले. वहीत लिहिलं: रंग तपकिरी, वास नाही, हिरवं पातं एक. "एक" खाली तिनं दोन रेघा ओढल्या, आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

सर खूष झाले. प्रयोगशाळेचे प्रमुख, भला माणूस, चष्मा कपाळावर ठेवून सबंध खोलीभर चष्मा शोधणारा. "उत्तम! तीन वर्षं रिकामं ठेवलं, तळ सुधारला. नियम बरोबर ठरला. शुक्रवारी परवान्याच्या समितीपुढे ठेवू, की पिंजऱ्यांच्या कंपनीला मोकळं." तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. चार नंबरचे सोळा पिंजरे तीन वर्षांपूर्वी उचलावे लागले ते तिच्याच आकड्यांमुळे. कागदावर लिहिलं होतं की तळ सुधारेपर्यंत जागा रिकामी ठेवावी, आणि सुधारला की तिथे पुन्हा पिंजरे टाकायला हरकत नाही. म्हणजे रोगी बरा झालाय, आता त्याला पुन्हा आजारी पाडायला मोकळीक. "सर, पण गवत आहे तिथे. जिवंत गवतावर पिंजरे टाकता येत नाहीत." सर म्हणाले, "कुरणावर टाकता येत नाहीत, बाई. एका धाग्याचं कापड होत नाही. वाहत आलं असेल." "गाळात रुतलेलं होतं." "तुमच्या चाळणीत आलं तेव्हा कुठे रुतलेलं होतं?" पाणबुड्यांची नवी पाहणी मागवायची तर सहा महिने, आणि समिती शुक्रवारी. आज मंगळवार.

दुपारभर ती वही पुढे ठेवून बसली. एक शब्द बदलायचा होता. तपकिरीच्या जागी काळा. डबा धुवून टाकला की विचारणारं कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांत तिच्या नोंदी कुणी ताडून बघितल्या नव्हत्या, देवळाच्या घंटेसारखा तिचा आकडा सगळे ऐकत आणि पुढे जात. काळा लिहिलं की चार नंबर आणखी तीन वर्षं सुटला. तिनं खोडरबर उचललंही. पण मग दादा आठवला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, चार नंबरवरच्या खाद्याच्या बोटीचा मुकादम. पिंजरे उचलले तेव्हा त्याचंही काम उचललं गेलं. तेव्हा ती त्याच्या दारात उभी राहून म्हणाली होती, दादा, मी काय करू, आकडा खोटं बोलत नाही. दादा म्हणाला होता, बरं. एवढंच. तो बर्फाच्या कारखान्यात लागला. रोज बर्फ फोडून त्याच्या हातांना भेगा पडल्या, आणि तिच्याशी तो हसून खेळून बोलायचा, पण पाहुण्याशी बोलावं तसा. आज आकडा खोटा लिहिला तर तेव्हाचं ते वाक्यही खोटं पडणार होतं, मागे जाऊन, तीन वर्षांमागे. तिनं खोडरबर खिशात टाकलं आणि बस पकडून थेट दादाचं घर गाठलं.

दार वहिनीनं उघडलं, आणि आतून दादाचाच आवाज आला, "ये ये, कळलं मला! कंपनीचा माणूस येऊन गेला. चार नंबर उघडणार म्हणे? खरं का?" त्याचं तोंड असं फुललेलं तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "गाळ कसा आहे, ते सांग."

"स्वच्छ. वासच नाही."

दादानं तिला कमरेला धरून चक्क उचललं. पन्नाशी उलटलेला माणूस, पाठीचं दुखणं, वहिनी ओरडतेय, "अहो, मोडाल!" आणि तीही हसतेय, हवेत, चपला गळून पडल्यात, आणि हसताहसता तिला कळत होतं की दोघांचा आनंद एकाच गाळातून उगवलाय आणि एकमेकांच्या मुळावर उठलाय. त्यानं तिला खाली ठेवल्यावर ती म्हणाली, "दादा, गवत आहे तिथे."

"कसलं गवत?"

"समुद्रातलं. कुरण असेल तर पिंजरे टाकू देणार नाहीत. पाणबुडे बाहेरच्या खोल कडेचाच गाळ आणतात, आतली कडा बघायला हवी. गुरुवारी सकाळी आठला या महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी आहे, आतल्या कडेला पाणी छातीएवढं होतं, तूच सांगायचास. तुझी होडी आहे. मला ने."

वहिनीनं टेबलावरचा कप उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवला. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, "मेंढीला गवतच दिसणार." वहिनीला हसू आवरलं नाही, दादा हसला नाही. "नेतो. पण काही नसलं तर शुक्रवारी सही करायची. मुकाट्यानं."

"करीन."

"आणि असलं तर?"

तिनं वाकून गळालेल्या चपला पायांत घातल्या. निघताना मात्र त्यानं बजावलं, "सकाळी पोटात काही टाकून येऊ नकोस, बाहेर येईल."

तिनं ऐकलं नाही आणि ते बाहेर आलं, तेही दोनदा. एकोणीस वर्षं समुद्राचा तळ तपासणारी बाई समुद्रावर मात्र कधी गेली नव्हती. तिला बोट लागायची, धक्क्यावर बांधलेलीसुद्धा. दादा सुकाणूपाशी पाठ करून बसला होता आणि दर ओकारीला नुसता म्हणायचा, "हं, अजून एक." वरती आकाश धुतलेल्या काचेसारखं होतं. तिच्या मांडीवर भिंतीवरची फोटोची एक पितळी चौकट होती, काच आणि फोटो काढून टाकलेली, बरोबर अर्ध्या मीटरची. ती तळावर टाकायची आणि आतली पाती मोजायची असं तिनं ठरवलं होतं. फोटो कुणाचा होता हे दादानं विचारलं नाही, त्याला ठाऊक होतं. लग्नाचाच होता. होडी टेकडीला वळसा घालून आत वळली आणि इंजिन थांबलं. चार नंबर. कागदांवर, डब्यांवर, नकाशावर हजार वेळा लिहिलेला आकडा, आणि तो इतका निळा असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पिंजऱ्यांच्या जागी काही नव्हतं. नांगराचे काँक्रीटचे ठोकळे तेवढे पाण्याबाहेर आलेले, वर पक्षी बसलेले. "हे आतले पिंजरे इतक्या उथळात होते की ओहोटीला जाळ्याचं बूड तळाला टेकायचं," दादा म्हणाला. "आम्ही सांगितलं होतं. कोण ऐकतं." ती पोहण्याचा चष्मा लावून, कपड्यांसकट, काठावरून उतरली. पाणी छातीला लागलं, थंडीनं श्वास अडकला, आणि तिचे पाय कशात तरी बुडाले.

केसांत हात घालावा तसे पाय त्याच्यात गेले. मऊ, दाट, घोट्यांना वळसे घालणारं. तिनं डोकं पाण्यात घातलं. हिरवं होतं. जिथवर दिसत होतं तिथवर हिरवं, उजेडाच्या जाळ्या त्याच्यावरून सरकत होत्या, एका बाजूला झुकायचं, मग सगळं मिळून दुसऱ्या बाजूला झुकायचं, जणू कुणी झोपेत कूस बदलतंय. एका पात्यावर करंगळीएवढा समुद्रघोडा शेपटीचा आकडा घालून उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. तिनं चौकट टाकली, मोजलं, वर आली, ओरडली, "शहाऐंशी!" पुन्हा खाली. "ब्याण्णव! लिही!" पुन्हा. "एकशे चार! दादा, एकशे चार!" तिच्या नाकातोंडात पाणी जात होतं, ओठ दाबायचे असतात हे तिला आठवत नव्हतं, ती ओरडत होती, खोकत होती, दोन्ही हातांनी पाण्यावर थापा मारत होती, आणि ठोकळ्यावरचे पक्षी उठून गेले. एकोणीस वर्षं तिनं मेलेलं मोजलं होतं. प्रत्येक आकडा खाली खाली जाणारा. वर जाणारा आकडा मोजताना माणूस असा ओरडत सुटतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दादा वही मांडीवर घेऊन लिहीत होता. त्याच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं तेव्हा कुठे तिचा आवाज उतरला. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं कामावरून काढल्याचं पत्र लिहीत असावा, तसा तो एकेक आकडा रेखून काढत होता.

मग तो होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहिला. बराच वेळ पाण्यात बघत. "मेंढे," तो अगदी हळू म्हणाला, "हालू नकोस. तुझ्या डाव्या हाताला बघ. तिथे गवत नाहीये. पट्टा आहे." तिनं डोकं खाली घातलं. गवतातून एक फिकट वाट गेली होती, वीतभर रुंद, वळत वळत, दहा-बारा पावलं. तिच्याशेजारी दुसरी. पलीकडे तिसरी, पहिलीला छेदून गेलेली. मुळासकट उपटून नेल्यासारखी, कडा अजून ताज्या. "नांगर ओढल्याचं असेल," ती वर येऊन म्हणाली. "नांगर सरळ ओढतो," दादा म्हणाला. "हे चरलंय कुणीतरी." तो खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, भेगाळलेले तळवे वर. "समुद्रगाय आहे. आली ती परत."

"परत म्हणजे?"

दादा बोलला ते पाण्याकडे बघूनच. पिंजरे टाकले त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणाला, सकाळी पाचव्या पिंजऱ्याचं बाहेरचं जाळं खाली ओढलेलं दिसलं. मोठ्या माशांपासून राखण म्हणून ते दुसरं जाळं असतं, सैल, बारीक दोऱ्याचं. वाटलं, ओंडका अडकला. तीन माणसांनी ओढलं. ओंडका नव्हता. "तिला श्वासासाठी वर यावं लागतं. येता आलं नाही. नाकपुड्या मिटलेल्या होत्या, पापण्या मिटाव्या तशा. अंगावर ओरखडा नाही. मी आधी हलवून पाहिली, उठ म्हटलं तिला. येड्यासारखं." मग कंपनीच्या साहेबांचा फोन आला की बोभाटा नको. मग त्यांनी तिला ठोकळा बांधून बाहेर खोल पाण्यात सोडली. त्यानंतर वाटा दिसायच्या बंद झाल्या. मग गवतही गेलं.

"तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "माझ्या टेबलावर दर महिन्याला डबा येत होता, दादा. माझ्याच टेबलावर."

"तू विचारलं नाहीस. तू गाळ चाळत होतीस." मग वही मिटून म्हणाला, "तुझ्या आकड्यानं माझं काम गेलं तेव्हा मला राग आला असं सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं. मला सुटल्यासारखं झालं होतं, मेंढे. ते मी कुणाला सांगणार होतो? परवा नाचलो तो पगाराच्या नादात."

पाणी चढायला लागलं होतं. तिला हात देऊन त्यानं वर घेतलं, आपला सदरा काढून तिच्या खांद्यांवर टाकला. तिला काय वाटत होतं ते तिला एका शब्दात धरता येत नव्हतं. तीन वर्षं जो दुरावा तिनं स्वतःची शिक्षा समजून सोसला होता, तो मुळात तिच्या आकड्यामुळे नव्हताच. हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याचा रागही येत होता, आणि त्या सगळ्याच्या खालून, पाण्याखालच्या त्या हिरव्यासारखं, हुरूप वर येत होता, काही केल्या दबत नव्हता. पाण्यात चालणारा प्रयोगशाळेचा कॅमेरा पिशवीतच राहिला होता, गवताचे आणि त्या वाटांचे फोटो काढायचे होते. ती पुन्हा पाण्यात उतरली.

शुक्रवारी समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले, खिडकीबाहेर वाहनांचा गोंगाट. तिनं गाळ आधी सांगितला: स्वच्छ. कंपनीच्या माणसानं मान डोलावली. मग तिनं गवत सांगितलं. तिनं हे बसून, सावकाश सांगायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्या फोटोलाच ती उभी राहिली होती, चौकटी, आकडे, वाटा, ओहोटीची वेळ, आणि सर चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून बघत होते. "एक धागा म्हणत होतो मी," ते हळूच म्हणाले. कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "वाटा कशाच्याही असू शकतात. त्या प्राण्याची या भागात एकही नोंद नाही. कुणी पाहिलाय?"

"मी," दादा म्हणाला. तो दाराजवळच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, आणि तोपर्यंत सगळ्यांना तो कुणाचा तरी ड्रायव्हर वाटला होता. त्यानं सांगितलं. पाचवा पिंजरा, बाहेरचं जाळं, मिटलेल्या नाकपुड्या, ठोकळा, सगळं. आवाज न चढवता, खाद्याचा हिशेब द्यावा तसं. आपले हातही त्यात होते हे त्यानं दोनदा सांगितलं, समितीतल्या बाईंनी एकदाच विचारलं असूनही. कंपनीचा माणूस म्हणाला, "मुकादम, तुम्ही पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे येणार होतात."

"होतो," दादा म्हणाला.

पत्र यायला पाच आठवडे लागले. चार नंबर पिंजऱ्यांच्या जागांच्या यादीतून कायमचा वगळला. कंपनीला टेकडीच्या बाहेर, खोल आणि वाहत्या पाण्यात जागा मिळाली, पिंजरे सोळाच्या जागी नऊ, बाहेरचं सैल जाळं बंद. त्याऐवजी एकच, जाड दोऱ्याचं, ताणून बसवलेलं. तिथला गाळ दर महिन्याला तिच्या टेबलावर यायचा होता. त्या गायीच्या मरणाची चौकशी वेगळी लागली, आणि तिच्यात दादाचं नाव साक्षीदार म्हणून येणार की आरोपी म्हणून, हे अजून ठरायचं होतं. मुकादमाची जागा दुसऱ्याला गेली. वहिनी आठ दिवस कुणाशीच बोलली नाही. नवव्या दिवशी फोन करून म्हणाली, "तुम्हा दोघा भावंडांना एका दावणीला बांधून गवतच घालायला हवं," आणि मग स्वतःच रडली, आणि मग विचारलं की समुद्रगाय दिसायला असते तरी कशी. दादा बर्फाच्या कारखान्यातच राहिला. सुट्टीच्या दिवशी होडी घेऊन चार नंबरवर जायचा, वाटा मोजायचा, संध्याकाळी तिला आकडे सांगायचा. तो सात म्हणाला की ती विचारायची, ताज्या? तो म्हणायचा, दोन ताज्या. यापुढे दोघांनी फार काही बोलायची गरज नसायची.

आणि मग एका साध्या दिवशी, दादाच्या कारखान्याला सुट्टी होती, अकराच्या सुमारास, ती बाहेरच्या नव्या जागेचा पहिला डबा उघडत असताना फोन वाजला. हात ओले होते. तिनं कोपरानं बटण दाबलं. आधी नुसता वारा.

"मेंढे," दादा कुजबुजला. "दोन आहेत."

"काय दोन?"

"मोठी आहे. आणि तिच्या पाठीला चिकटून लहान आहे. माझ्यापासून वीस हातांवर. चरतायत."

ती किंचाळली. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या, सर केबिनमधून बाहेर आले. "इंजिन बंद कर!" ती फोनमध्ये ओरडली. "दादा, इंजिन बंद कर आधी!"

"केव्हाच बंद केलंय," तो म्हणाला. "आता तू गप्प बस. मी फोन पाण्याकडे धरतोय."

ती गप्प बसली. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला, गाळाचे हात, गालावर चिखल, आणि भोवती उभ्या राहिलेल्या माणसांकडे न बघता खाली फरशीवर बसली. पाणी होडीला थडकत होतं, चुबुक, चुबुक. खूप वेळ तेवढंच. मग फुस्स करून एक लांब, जाड, ओला श्वास आला. आणि लगेच त्याच्यामागे, घाईघाईत, एक आखूड.